जावावरचा मुराळी

टॉर्च विझव रे. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, नाहीतर घरी जा. लाइट गेली की तुम्हाला आबा आठवतो, एरवी माझ्या ओट्यासमोरून हॉर्न वाजवत जाता.

सांगतो ते घडलेलं आहे. माझ्या दोस्ताच्या, सुपडूच्या बाबतीत. आपल्या भडगावातच. कोणाला खोटं वाटलं तर मनात ठेवा. मला वाद घालायची हौस नाही.

सुपडू पाचोऱ्याला डाळ मिलमध्ये फिटर होता. एस.टी. कधी यायची, कधी नाही. रोज उशीर, रोज मालकाच्या शिव्या. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा त्याची नजर गेली गल्लीतल्या म्हाताऱ्या पार्वताबाईच्या गोठ्यावर. तिथं कडब्याखाली एक जावा फटफटी पडून होती. तिच्या मुलाची, आधारची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडं सासरी दिलेली पोर माहेरी येते, आणि तिला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. त्याच्याही वीसएक वर्षांमागं, आखाजीच्या आदल्या रात्री, आधार असाच जावावर बहिणीला आणायला निघाला. पारोळ्याच्या पुढं एका मोरीपाशी मेलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. गाडी स्टँडवर नीट उभी. बहीण तिकडं गाठोडं घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. तेव्हापासून त्या गाडीला कोणी हात लावला नव्हता.

सुपडूनं मागितली तशी म्हातारीनं देऊन टाकली. म्हणाली, "हाई गाडी आते तुनी शे, भाऊ. रोज फिरव. पण हिच्यावर मुराळी म्हणून जाऊ नको."

सुपडू हो म्हणाला. गाडी मिळत असली की माणूस कशालाही हो म्हणतो.

भटू मिस्त्रीनं ती उघडली. इंजिन जाम. प्लग काढून आत रॉकेल आणि डिझेल ओतलं, तसंच मुरू दिलं. टाकीत गंजाचा चिखल. आत खडी घालून आम्ही दोघांनी ती टाकी पोरगं हलवावं तशी हलवली. वायरी उंदरांनी खाल्लेल्या, टायरांचा भुसा झालेला. सगळा हिवाळा त्यात गेला. शेवटी एक दिवस सुपडूनं किक मारली, आणि सगळी गल्ली धुरानं भरली. भटू म्हणाला, "आता ही तुझ्या नातवंडांना पण पुरेल."

चालली. रोज पाचोरा, रोज परत. एकच खोड होती. त्या जावाची किल्ली हेडलाइटच्या डोक्यात खुपसायची असते, ती उपसली की इंजिन बंद. ही बंद व्हायची नाही. किल्ली हातात, आणि आत दोन-चार ठोके जास्त. आखाजी जवळ आली तसे ठोके वाढले. भटू म्हणे कार्बन साचला असेल. मला ती गाडी दावणीला बांधलेल्या बैलासारखी वाटायची. सारखी कुठंतरी निघायच्या घाईत.

सुपडूची बहीण सुनंदा पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या रस्त्यापासून आत एका खेड्यात दिलेली. दोन आखाज्या तिला माहेर दिसलं नव्हतं. सासू येताजाता बोलायची, भाऊ असून नसल्यासारखा. म्हणून त्या वर्षी सुपडूनं निरोप धाडला, येतोच. गाडीवर येतो.

मी म्हटलं, "म्हातारीनं काय सांगितलं होतं?"

"म्हातारीचं ऐकत बसू? पोर तयार होऊन बसली असेल. निरोप गेलाय. का तू आणतो तिला तुझ्या सायकलवर?"



ब्याण्णव सालची आखाजी. तिची आदली रात्र. चंद्र कोरभर, तोही मावळलेला. मिल सुटल्यावर सुपडू तसाच निघाला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, धुळीसाठी. पारोळा मागं पडलं. गाडी सुरेख पळत होती. त्यानं मूठ पिळली नव्हती तेवढी पळत होती.

त्याच मोरीपाशी बंद पडली.

प्लग पुसला. ठिणगी होती. पेट्रोल होतं. किक मारून मारून पाय भरून आला. गाडी थंड. शेतात लांब एक दिवा दिसला, म्हणून गाडी स्टँडवर लावली, किल्ली खिशात टाकली आणि बांधावरून निघाला. कोणी धक्का द्यायला भेटलं तर बघावं.

अर्ध्या वाटेत... मागं किक बसली.

एकच. आणि इंजिन चालू झालं.

सुपडू वळला. रस्त्यावर हेडलाइट लागला. त्यानं खिसा चाचपला. किल्ली होती.

गाडीचा दिवा हलला. सुनंदाच्या गावाकडं निघाला.

"ए! कोण रे?"

कोणी नाही. नुसता आवाज, लांब लांब जाणारा. मग तोही नाही.

सुपडू रस्त्यावर आला आणि धावत सुटला. चोर असता तर सुपडू गाडी गेली म्हणून रडला असता. पण त्याला माहीत होतं, गाडी कुठं चालली. पोर उंबऱ्यावर बसली असेल. फटफटीचा आवाज ऐकून उठेल. मागं बसेल...

धाव. दम. परत धाव.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नव्हतं. समोरून दिवा आला. तोच आवाज. सुपडू रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात वर. गाडी बाजूनं निघून गेली. पांढरा सदरा. तोंडाला उपरणं. मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं.

"सुनंदा! उतर! सुनंदा...!"

तिनं मान वळवली नाही.

...

पहाटे एका ट्रकवाल्यानं त्याला भडगावला सोडलं. चप्पल एकच पायात. दारात जावा उभी होती, स्टँडवर. त्याला आत जाववेना. मीच शेजारून आलो, हाताला धरून नेलं.

सुनंदा चुलीपुढं बसून चहा करत होती.

आम्हाला पाहून तिनं तोंड सोडलं. "काय रे दादा, परत कुठं गेला होतास? सासूनं पाणी दिलं, घोटभर घेतलं नाहीस. ती म्हणाली, भाऊ आला पण घुम्या आला. सगळ्या वाटेत एक शब्द नाही. दारात उतरवलं न् गायब! आणि तुझ्यामुळं माझी मेंदी गेली. ओली होती, खांदा धरून बसावं लागलं." तिनं उजवा तळवा दाखवला. नक्षी सगळी पुसलेली.

सुपडूनं आपल्या सदऱ्याकडं पाहिलं. ग्रीस होतं, धूळ होती. मेंदी नव्हती.

सुनंदाला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही.

ऊन चढायच्या आत आम्ही दोघं गाडी ढकलत पार्वताबाईकडं घेऊन गेलो. म्हातारी पितरांची घागर भरून बसली होती. तिनं गाडीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं.

"पोर पोहचली ना?" एवढंच विचारलं.

सुपडूनं मान हलवली.

दर आखाजीला ती आधारचा एक सदरा ट्रंकेतून काढून घागरीशेजारी ठेवायची. त्या दिवशी आमच्यासमोर तिनं कुलूप काढलं. डांबरगोळ्यांचा वास आला. सदरा वर्षभराच्या घडीतला. तिनं घडी मोडली.

उजव्या खांद्यावर पाच बोटं होती.

मी हात लावून पाहिला. मेंदी ओली होती.