येरसाईनची शीळ

कुलियानवहिनींचं पत्र मला आलं, त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

इतकी वर्षं मी उत्तर दिलं नाही.

हे इथे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास का ठेवावा, हेही मला नीट सांगता येणार नाही. पण रंगवून सांगायचं कसब माझ्यात कधीच नव्हतं. जे घडलं, तेवढंच लिहितोय. दाराला कडी घातली आहे, तरी दाराकडे पाठ करून बसवत नाही.

तारीख १९ मे १९९७. पहाट. जागा सोरकोल तलाव, आमच्या कझाक माळाच्या मधोमध.

मी आणि येरसाईन, आम्ही दोघं तिथे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचो. तो गाळ तुडवायचा, मी वह्या भरायचो. मला तो ‘कागदकिडा’ म्हणायचा.

त्या वर्षी रोहित पक्ष्यांनी नऊ वर्षांनी सोरकोलवर घरटी केली होती. चिखलाचे बुटके बुरूज, प्रत्येकावर एक अंडं. रोहित फार भित्रे. घरट्यांजवळ माणूस उभा राहिला की सगळा थवा उठतो, आणि कुरव पक्षी उतरून अंडी फोडतात.

म्हणून तलावावर हाक मारायची नाही, असा आमचा नियम होता. शीळ घालायची, पाणपक्ष्यासारखी. तीन तुटक सूर म्हणजे ‘ये’. ऐकणाऱ्याने एक लांब सूर द्यायचा. ‘ऐकलं, येतोय.’ आणि तो सूर एकदा दिला की जायचंच.

येरसाईनने या नियमाचा पार खेळ करून टाकला होता. आदल्याच दिवशी त्याची शीळ ऐकून मी गुडघाभर गाळातून धापा टाकत, पक्षी बघायच्या त्याच्या लपणापाशी पोहोचलो, तर हा आरामात कुरुत, वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा, चघळत पडलेला.

“काय झालं?”

“काडेपेटी आहे का?”

“एवढ्यासाठी बोलावलंस?”

“अरे कागदकिड्या, बसून बसून तुझ्या ढुंगणाला मुळं फुटली असती. उपकार मान माझे.”

मी चिडलो. म्हणालो, “उद्या मेलास तरी येणार नाही.”

“नको येऊस,” तो हसत म्हणाला. “मीच येईन.”

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. माझ्या लपणापासून घरटी ऐंशी पावलांवर. येरसाईन पूर्वेला, लव्हाळ्यांच्या पलीकडे.

पावणेसहाला शीळ आली... तीन सूर.

मी मनात म्हटलं, काडेपेटी.

पुन्हा आली.

पुन्हा.

मी मोजत होतो. आयुष्यभर मोजणंच केलं, दुसरं काही येत नाही.

सहाव्या वेळी सूर बदलला. ओला झाला... तोंडात काहीतरी भरल्यासारखा.

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते इथे सांगतो. सहाव्या शिळेला मला कळलं होतं.

पण उठलो असतो, तर तीनशे घरटी उघडी पडली असती. नऊ वर्षांनी आलेली. कदाचित तो थट्टाच करत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ओठ घट्ट मिटून बसून राहिलो.

अकरावी शीळ अर्धीच आली. दोन सूर.

तिसरा आला नाही.

धुकं विरलं तेव्हा पाण्यावर एक लांडगा आला. थवा तसाही उठला. कुरव उतरले. दुपारपर्यंत एकही अंडं शाबूत नव्हतं.

पूर्वेच्या गाळावर काहीच नव्हतं. वर मिठाचा पांढरा पापुद्रा, खाली किती खोल ते कुणाला माहीत नाही. बुटाचा ठसासुद्धा नव्हता.

शोधायला आलेल्यांनी विचारलं, “तुम्ही काही ऐकलंत?”

मी म्हणालो, “नाही.”

मग त्यांनी गाळ सोडला आणि रेल्वे स्टेशनांवर चौकशी सुरू केली.

वहिनींचं, येरसाईनच्या बायकोचं, पत्र त्या शरदात आलं. अजून माझ्यापाशी आहे.

“अमानताय, लोक म्हणतात तो ओर्स्कच्या कुठल्याशा बाईबरोबर पळाला. सासूबाई म्हणतात, मीच त्याला पळवून लावलं. मुल्ला म्हणतात, खात्री नसताना मेलेल्याची प्रार्थना कशी करू? तू जवळ होतास. त्याने शीळ घातली होती का, एवढंच सांग. घातली असेल, तर मी रडायला बसेन. नसेल, तर दार उघडं ठेवीन.”

मी लिहायला बसायचो. ‘प्रिय वहिनी’ लिहायचो. पुढे हात चालायचा नाही.

पुढच्या वर्षी, १९ मेला, मी पुन्हा त्याच लपणात होतो. रोहित आलेच नव्हते. पाण्यावर एक बदकसुद्धा नव्हतं.

पावणेसहाला...

तीन सूर.

अकरा वेळा. अकरावी अर्धी.

त्यानंतर दर वर्षी. दर वर्षी थोडी जवळून. आधी लव्हाळ्यांपलीकडून, मग अलीकडून, मग लपणाच्या अगदी मागून. मी कधी मागे वळून पाहिलं नाही. कधी उत्तराचा सूर दिला नाही.

पुढे वरच्या अंगाला पाणी अडवलं. सोरकोल आटला. लव्हाळी जळली. आमचं ठाणं बंद झालं आणि मी चाळीस किलोमीटरवर गावात राहायला आलो. इथे बारा वर्षं काही ऐकू आलं नाही. वाटलं, तलाव गेला, तेही गेलं.

या वर्षी १९ मेला सकाळी मी चहा ओतत होतो.

खिडकीखाली... तीन सूर.

माझा कुत्रा परक्या माणसावर तुटून पडतो. तो भुंकला नाही. दाराशी जाऊन उभा राहिला... आणि शेपूट हलवायला लागला.

येरसाईन गेला तेव्हा त्या कुत्र्याची आजीसुद्धा जन्मली नव्हती.

अकरा झाल्या. मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर मात्र गाळ होता. काळा, ओला, मिठाचा वास येणारा.

सोरकोल बारा वर्षं कोरडा ठणठणीत आहे.

त्या दिवसापासून रोज सकाळी तेच. चौथ्या दिवशी मी कागद घेतला. या वेळी हात थांबला नाही.

“वहिनी, त्याने शीळ घातली होती. अकरा वेळा. मी ऐकली. मी गेलो नाही. आता दार लावा.”

दुपारी पोस्टात गेलो. पोस्टातली रौशान मला पाहून हसली. “आगा, तुम्ही आणि पत्र? कुणी मेलं की काय?”

“हो,” मी म्हणालो.

तिचं हसू गेलं. तिने पाकिटावरचं नाव वाचलं. “कुलियान आपा? त्यांचे तर डोळे गेलेत हो. आणि दार रात्रंदिवस उघडं. थंडीत बर्फ आत येतं, भाची नुसती ओरडत असते त्यांच्यावर.”

“मग पत्र वाचणार कोण?”

“भाची वाचेल. अक्षर नीट काढलंय ना? तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.”

“नीट काढलंय.”

“मग टाका पेटीत. उभे का राहिलात?”

ती शिक्के मारायला लागली. मी पेटीपाशी गेलो. सव्वीस वर्षं उशीर झाला होता. त्या पत्राने आता कुणाचं काय भलं होणार, कोण जाणे. तरी पाकीट फटीत सरकवलं. आत पडल्याचा आवाज झाला.

आणि माझ्या पाठीमागून, अगदी खांद्याजवळून... शीळ आली.

रौशानने मान वर केली नाही.

या वेळी तीन सूर नव्हते.

एकच होता. लांब.