मोहाखालचा हुंकार

चैत्या आला तो हरवलेला बैल शोधत. मोहाच्या झाडाखाली शेकोटी दिसली म्हणून वळला... आणि फुलवंता नावाची पोरगी डाकिणीची गोष्ट सांगताना दिसली, म्हणून बसला.

नंदुरबारच्या आगगाडीत डोंगरातलं अजून कुणी बसलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मोहाची फुलं पहाटे गळायची. ती ढोरांनी खाऊ नयेत म्हणून माणसं झाडाखालीच मुक्काम करायची. दिवस बुडाला की गोष्टी रंगायच्या. रीत अशी, की एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं वाक्यागणिक ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबली.

त्या दिवसापासून फुलवंताला हुंकार चैत्याच द्यायचा. बैल केव्हाच सापडला होता, तरी तो रोज संध्याकाळी हजर. डाकीण झाडावरून उतरू लागली की त्याचा ‘हूं’ बारीक व्हायचा, आणि फुलवंता मुद्दाम तिला आणखी एक फांदी खाली आणायची.

आज मात्र तिचाच आवाज कापत होता. उद्या धडगावकडचे पाहुणे तिला मागणी घालायला येणार होते, आणि तिचा बाप सुरुपसिंग होकार द्यायच्या बेतात होता. चैत्याच्या कानावर हे दुपारीच आलं होतं.

“मग त्या पोरानं पोरीला डाकिणीच्या हातून सोडवलं,” फुलवंता म्हणाली.

“हूं.”

“पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली...”

“हूं...”

“आणि तो आपल्या गावाला निघून गेला.”

हुंकार आला नाही. शेकोटीतलं लाकूड तडतडलं. “पोरगं भ्यालं,” म्हणत फुलवंताची आत्या कालीबाई खुदखुदली.

“भ्यालो नाही,” चैत्या म्हणाला. “पण याला मी हुंकार देणार नाही. तो जात नाही.”

“मग काय करतो?” फुलवंतानं विचारलं. नजर मात्र विस्तवावर.

“तिच्या बापाकडे घरजावई राहतो. शेत नांगरतो, ढोरं राखतो—”

“ढोरं?” सुरुपसिंगनं चिलीम खाली ठेवली. “ज्याला स्वतःचा बैल राखता आला नाही, तो?”

सगळे हसले. चैत्याची मान खाली गेली, पण तो उठला नाही.

“एकदाच सुटला, काका. तोही इकडंच यायला.”

सुरुपसिंग लेकीकडे वळला. “गोष्ट तुझी. तू सांग.”

असं फुलवंताला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“राहतो, बा,” ती म्हणाली. “आणि पोरीला... दुसरीकडं जायचंच नाही.”

सुरुपसिंगनं विस्तव सारला. मग म्हणाला, पाहुण्यांना वाटेतूनच माघारी फिरवायचं तर पहाटे निघावं लागेल, फुलं वेचायला एक माणूस कमी पडेल. आणि त्यानं रिकामी टोपली चैत्यापुढं सरकवली.

चैत्यानं ती उचलली. टोपलीचा दुसरा काठ फुलवंतानं धरला — हळूच — आणि सोडलाच नाही.