पंच्याहत्तरावर थांबलेला आकडा

"काल मी सेकंद झालेलो. आज मी मिनिट होणार," चंदूने जाहीर केलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर ठाण मांडलं.

"मिनिटाला नुसतं बसून राहायचं असतं, म्हणून ना?" शीलाने विचारलं.

"मग? मेहनत सेकंदांनी करावी."

सेकंद आज भागी होती. मांडीवर पाटी घेऊन ती खालच्या पायरीवर बसली. शीला कागदावरची एकेक ओळ वाची. "एक मिळव" म्हटलं की भागी पाटीवरचा आकडा एकाने वाढवी. ठरलेला आकडा आला की पाटी पुसून ती चंदूच्या पायाला चिमटा काढी आणि चंदू आपल्या पाटीवर एक मिनिट वाढवी.

"साठ होईपर्यंत माझी पाटी झिजेल गं," भागी म्हणाली.

"साठपर्यंत कोण बसणार? आपण तीनच धरू. तीनला चाललं तर साठलापण चालेल."

तीनला झकास चाललं. चंदू सहा मिनिटांपर्यंत पोचला आणि त्याच्या पायावर सहा लाल ठिपके उठले.

ही गोष्ट १९९२ च्या मे महिन्यातली, शहाडच्या 'उल्हासतीर' सोसायटीतली. इमारतीत सोळा बिऱ्हाडं आणि कॉम्प्युटर एकाकडेही नाही. पण शीलाच्या थोरल्या बहिणीकडे, प्रमोदिनीताईकडे, एक हिरवा बोर्ड होता. ताई इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. बोर्ड वहीएवढा, त्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं, सहा लाल आकडे, आणि मधोमध काळ्या झुरळासारखी एक चिप. ठाण्याच्या कारखान्यात ट्रेनिंगला जाण्याआधी ताईने तो तिघांच्या ताब्यात दिला आणि बजावलं, "आधी प्रोग्राम कागदावर लिहायचा. मग कागदावरच चालवून बघायचा. मगच बोर्डावर चढवायचा. घाई केलीत तर बोर्ड कपाटात जाईल." एक सेकंद थांबायचा भाग तिने लिहून दिला. पुढचं या तिघांनी रचलं.

सुट्टीत एवढा अभ्यास करायला कारणही तसंच होतं. आठ दिवस गच्चीवरची टाकी संध्याकाळी पाचलाच कोरडी पडत होती. भागीचे आजोबा, गोमाजी, सोसायटीचा पंप बघत. पंपाशेजारच्या खोलीत आजोबा आणि नात राहत. सेक्रेटरी तानाजीराव चौथ्या मजल्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "म्हाताऱ्याला आता झेपत नाही. रविवारच्या सभेत दुसरा माणूस ठेवू." माणूस बदलला की खोलीही जाणार. मग भागीची आठवी खाडीपलीकडे आत्याकडे. शाळा गेली, शीला गेली, चंदू गेला.

"माना ठाव नाय पानी कुठं जातं," आजोबा म्हणत. "मी साडेअकराला टाकी काठोकाठ भरतो."

पाणी नक्की कधी जातं, हेच पकडायचं होतं. पण एक ते चार घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा त्या काळी सगळ्या आयांचा कायदा होता. सोळापैकी पंधरा घरं त्या वेळात घोरत असत. कोण किती वाजता घोरायला लागतं हे शीलाला तोंडपाठ होतं. तेव्हा पहारा बोर्डाने करायचा. टाकी अर्ध्याखाली गेली की बोर्डावरचा मिनिटांचा आकडा जिथल्या तिथे थांबणार.

टाकीत तरंगायला आजोबांनी मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा बोया दिला आणि तो खाली गेला की टाकीवरचं बटण ओढलं जाईल अशी दोरी स्वतः बांधली. चंदूची गाठ बघून ते म्हणाले, "यानं तर बोंबील पन सुटून जाईल." वायर पाइपाच्या कडेने शीलाच्या खिडकीत उतरली.

शुक्रवारी सकाळी शीलाने, कुठल्या ओळीला कुठली बटणं हे सांगणारा ताईचा तक्ता बघून एकेक आकडा वाचला आणि चंदूने बटणं दाबली.

"आता मिनिटाचे सेकंद. साठ."

"सहा, शून्य. दाबलं."

बाराला गिरणीचा भोंगा झाला आणि त्यांनी बोर्ड सुरू केला.

चार वाजता तिघं धावत आली. आकडा थांबला होता. पंच्याहत्तर.

"म्हणजे सव्वा वाजता," शीला म्हणाली. रोज सव्वा वाजता गच्चीवर कोण जातं, हे इमारतीला नाकाने कळत असे. आजोबा वाळत घातलेला जवळा आणायला वर जात. गच्चीच्या दोन किल्ल्या. एक त्यांच्याकडे, दुसरी सेक्रेटरींकडे.

"आजोबांनी चुकून नळ..." चंदू म्हणाला.

"चुकून आठ दिवस?" भागी उठली आणि निघून गेली.

त्यात भर म्हणून जिन्यात तानाजीरावांनी त्या वायरीबद्दल विचारलं आणि चंदूच्या तोंडून पंच्याहत्तर निसटलं. तानाजीराव एवढे खूश झाले की त्यांनी त्याची पाठ थोपटली. "शाब्बास. यंत्र कधी कुणाची बाजू घेतं का? रविवारी सभेत सांग हे."

"तुझ्या तोंडाला आधी बटण बसवायला हवं," शीला त्याला म्हणाली. चंदू रात्री जेवला नाही, आणि चंदू न जेवणं ही त्याच्या घरात मोठीच बातमी होती.

शनिवारी सकाळी भागी आली ती आजोबांचं चावीचं घड्याळ घेऊन.

"टाकीची वायर सोडव आणि सुरू कर बोर्ड."

"अगं, पण कशाला?"

"आजोबा म्हणतात, नळाला हात लावला नाही. म्हणजे कोणीतरी एक खोटं बोलतंय. आजोबा नाहीत."

बोर्ड सुरू झाला. भागी सेकंदकाट्याकडे बघत मोजू लागली. साठ झाले. लाल आकडा शून्यच. सत्तर. ऐंशी. शहाण्णव म्हणताच शून्याचा एक झाला.

"याचं मिनिट लांब आहे," भागी शांतपणे म्हणाली. "छत्तीस सेकंदांनी."

शीलाने तक्ता ओढला आणि दोन मिनिटं तिचा चेहरा उतरतच गेला. "माझं चुकलं. हा बोर्ड दहाच्या गठ्ठ्यात मोजत नाही, सोळाच्या गठ्ठ्यात मोजतो. आपण सहा-शून्य दाबलं, म्हणजे सहा सोळे. शहाण्णव."

"मग कागदावर चाललं कसं?" चंदूने विचारलं.

"कारण आपण तीन धरले. तीन दोन्हीकडे तीनच. साठ घ्यायचा कंटाळा केला ना आपण." मिनिटं मात्र नेहमीच्या आकड्यांत दिसावीत अशी सोय ताईने करून ठेवली होती, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

भागीने पाटी घेतली. पंच्याहत्तर गुणिले शहाण्णव. सात हजार दोनशे सेकंद. साठाने भागले. एकशेवीस.

"बरोब्बर दोन तास. म्हणजे दोन वाजता," ती म्हणाली. "दोनला आजोबा जवळा निवडत बसलेले. मी समोर होते."

आता उरली एकच किल्ली. पण तानाजीराव दुपारी झोपतात, हे तर त्यांच्या बायकोनेच साऱ्यांना सांगितलेलं. हे तपासायला मोठं माणूस हवं होतं, आणि आजोबा सोडले तर दुपारी न झोपणारं मोठं माणूस इमारतीत एकच, सोसायटीच्या अध्यक्ष कलावतीबाई. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्यांची झोप उडाली होती. त्यांनी गुणाकार दोनदा तपासला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. चला, पडताळा घेऊ. आयांना मी सांगते."

दोन वाजून पाच मिनिटांनी चौघं आजोबांची किल्ली घेऊन वर गेली. गच्चीचं दार नुसतंच लोटलेलं होतं.

गच्चीचं तळं झालं होतं. पाणी जायच्या भोकात गोणपाट कोंबलेलं, टाकीच्या नळाला हिरवा पाइप. आणि तळ्याच्या मधोमध, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, डोक्यावर ओला पंचा, टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून सेक्रेटरी तानाजीराव. पाय पाण्यात, डोळे मिटलेले.

"तानाजीराव," कलावतीबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "उभे राहा."

ते खरंच उभे राहिले.

"नाही, म्हणजे... खाली घर भट्टीसारखं तापतं हो बाई. स्लॅब जरा भिजवली की झोप लागते. थोडंसंच पाणी..."

"अर्धी टाकी," भागी म्हणाली. "रोज."

रविवारच्या सभेत दुसरा माणूस ठेवायचा विषय निघालाच नाही. निघाला तो तानाजीरावांच्या किल्लीचा, आणि ती कलावतीबाईंच्या कमरेला गेली. चंदूने न विचारता उभं राहून सांगितलं, "आमचा आकडा चुकलेला. गोमाजीआजोबांचं बरोबर होतं." मग तो आजोबांकडे बघू शकेना. आजोबांनीच त्याला बाजूला बसवलं.

"यंत्र चुकलं तर बहुतेक लोक माणसालाच चूक ठरवतात," कलावतीबाई म्हणाल्या. "या मुलीने घड्याळ लावून यंत्राचीच परीक्षा घेतली. पस्तीस वर्षांत असं पडताळा घेणारं पोर मला फार थोड्या वेळा भेटलं."

प्रमोदिनीताई परत आली. तिने कागद वाचला, सहा-शून्यच्या जागी तीन आणि सी (बोर्डाच्या भाषेत सी म्हणजे बारा; तीन सोळे आणि बारा, साठ) ही बटणं दाबायला सांगितली आणि म्हणाली, "आता झाला तुमचा पहिला प्रोग्राम."

जूनमध्ये शाळा उघडली. आठवीच्या हजेरीत शीलाच्या आणि चंदूच्या नावाबरोबर भागीरथीचंही नाव पुकारलं गेलं. "हजर," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने, आणि मागच्या बाकावर चंदू उगाचच हसला.