आत्याआजीच्या खोलीतला धूर

"समर, खिडकी लाव रे! गार वारा येतोय!" फौजेतून निवृत्त झालेले विश्वासराव आजोबा ओरडले आणि त्यांनी शेगडीत आणखी दोन लाकडं सारली.

समरजीतनं खिडकी लावली, पण बोटभर फट ठेवून. कडाक्याच्या थंडीमुळे ग्वाल्हेरच्या शाळांना सुट्टी पडली होती. दाना ओली या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या घरात हीटर लावला की फ्यूज उडे, म्हणून ही शेगडी. आजोबांची धाकटी बहीण, मंदाआत्याआजी, न्यूमोनियातून उठून नुकतीच घरी आली होती. खोली उबदार ठेवा, तब्येत बिघडली तर परत भरती करू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं तरी तिला रडू येई.

आणि तब्येत बिघडतच होती! रोज संध्याकाळी मळमळ, चक्कर, छातीत धडधड. "थंडी बाधली," म्हणत आजोबा आणखी लाकडं घालत. मोठ्या माणसांचं हे असंच! एकदा उपाय ठरला की तो लागू पडतोय का, हे बघतो कोण?

"पण सकाळी गच्चीवर उन्हात ती मस्त असते," समरची बहीण सोनिका जिन्यात म्हणाली.

"और शेगडी पेटली की बीमार!" शेजारची प्रांजली म्हणाली. "ही लाकडं आली कुठून?"

"मोठ्या रस्त्याच्या मधली झाडं छाटली ना, तिथून. फुकट!" समर म्हणाला. "आजोबांनी स्वतः करवतीनं कापली."

"चलो, बघून येऊ!"

रस्त्याकडेला छाटलेल्या फांद्यांचे दोन ढीग होते. शिसवीच्या ढिगावर बकऱ्या तुटून पडल्या होत्या. लांबट पानांच्या, गुलाबी फुलांच्या ढिगाला मात्र एकीनंही तोंड लावलं नव्हतं!

"अरे, आजोबांची लाकडं यातलीच!" समर साल ओळखून म्हणाला.

"हात नको लावूस!" प्रांजलीनं पटकन फोटो काढून आईला पाठवला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी तिची आई लग्नासाठी इंदूरला गेली होती. तिचा लगेच फोन आला. "ही तर कण्हेर! हिचा धूरही विषारी असतो. आजींना आधी त्या खोलीतून बाहेर काढा!"

तिघं धावत सुटली. "आत्याआजी, पत्ते खेळायला चल ना!" म्हणत सोनिकानं तिला बाहेरच्या खोलीत आणलं. समरनं आजोबांना सगळं सांगितलं.

"विषारी?" आजोबा हसले. "कण्हेरीची फुलं मी रोज देवाला वाहतो! देवाला चालतं, ते आपल्याला चालत नाही? लाकडांना हात लावायचा नाही, हा माझा हुकूम! जा, खेळा!"

"हे ऐकणार नाहीत," समर कुजबुजला. "लाकडंच बदलून टाकू!"

बिर्ला नगरला प्रांजलीच्या मामांच्या अंगणात बाभळीचं वाळलेलं झाड पडलं होतं. "न्या की, कटकट जाईल!" मामा म्हणाले आणि त्यांनी जाड बुंधा तोडून दिला. फांद्या मुलांनी कापल्या. सोनिकाच्या तळहाताला फोड आले, पण करवत काही तिनं सोडली नाही. दुपारी आजोबा घोरत असताना कण्हेर पोत्यात गेली आणि जिन्याखाली बाभूळ रचली गेली. मग तिघांनी साबणानं खसखसून हात धुतले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा आत्याआजी उशीला टेकून बसली होती. "दादा, गरम थालीपीठ मिळेल का रे?"

आजोबांनी मिशीला पीळ दिला. "बघितलंत, डॉक्टर? माझ्या लाकडांची ऊब! ही पोरं म्हणे कण्हेर विषारी!"

सोनिकाला हसू आवरेना. समर मात्र पुढे झाला. "आजोबा, ती लाकडं आम्ही कधीच बदलली. ही बाभूळ आहे."

"मुलं बरोबर सांगतायत," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "तोच धूर आणखी काही दिवस गेला असता तर यांचं हृदय थकलं असतं."

आजोबांचा चेहरा पार उतरला. ते बहिणीपाशी बसले, तिचा हात हातात घेतला. "मंदे, मी तुला बरं करायला बसलो होतो गं..." त्यांचे डोळे भरून आले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आता थालीपीठाचं बघतोस ना?"

आजोबा उठले, ताठ उभे राहिले आणि त्या जुन्या फौजी माणसानं तिघांना कडक सलाम ठोकला.

"फौजेत हुकूम मोडणाऱ्याला मी शिक्षा द्यायचो," ते म्हणाले. "पण तुम्ही माझा हुकूम मोडलात, म्हणून आज माझी बहीण माझ्यापाशी आहे!"