उभ्या खाचांचे चार स्क्रू

"पाच वाजेपर्यंत गिटार मिळाली नाही, तर पोलिसांना बोलवावं लागेल!" मालकांच्या व्यवस्थापकांनी हातातली घराच्या कामांची फाइल मुंगीच्या आईसमोर नाचवली. "किल्ल्या तुमच्याकडेच असतात ना?"

आईने किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे धरला. या तीनशे वर्षं जुन्या घराची देखभाल ती बारा वर्षं करत होती. घराचे मालक म्हणजे जगभर गाजलेले रॉक गायक. पडायला आलेली जुनी घरं विकत घ्यायची आणि होती तशी पुन्हा उभी करायची, हा त्यांचा नाद! अशी चार घरं मुंगीच्या सुतार बाबांनी सावरली होती. थंडीत बाबा गेले आणि महिन्याभरात गायकही गेले. आता चारही घरांतलं सामान विक्रीला निघालं होतं आणि गायकांची पहिलीवहिली गिटार गायब होती.

"मावशी आणि चोर? डोकं फिरलंय त्यांचं!" सुट्टीला आलेला मुंगीचा मावसभाऊ भोंगा जिन्यातच गरजला.

"हळू रे, सगळी गल्ली गोळा होईल!" त्याची धाकटी बहीण शेपूट म्हणाली. "आपणच शोधू या!"

तिघांनी माळा पालथा घातला, पलंगांखाली सरपटून पाहिलं. भोंगा तर धुराड्यात शिरला आणि काळाठिक्कर होऊन बाहेर आला. एरवी मुंगी पोट धरून हसली असती. पण चार वाजून गेले होते. गाण्याच्या खोलीत ती भिंतीशी मटकन बसली. बाबा असते तर कुणाची छाती झाली असती आईला चोर म्हणायची?

डोळे पुसता पुसता ती थबकली.

"भोंग्या, हे बघ! भिंतीच्या सगळ्या फळ्यांना जुने खिळे आहेत आणि या एकीलाच स्क्रू!"

"मग?"

"चारही स्क्रूंच्या खाचा सरळ उभ्या आहेत! असं फक्त बाबा करायचे. खाच उभी झाल्याशिवाय ते हात पुसायचे नाहीत!"

बाबा गेल्यापासून त्यांचा छोटा पेचकस तिच्या खिशातच असायचा. फळी निघाली. आत कोरडा, अरुंद कप्पा होता आणि कप्प्यात गिटार!

"सापडलीऽऽ!" भोंग्याच्या आरोळीने व्यवस्थापक धावत आले, मागोमाग आईही आली. शेपूटने व्यवस्थापकांची फाइल ओढून पानं भराभर उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "काका, हा बघा कप्प्याचा नकाशा! तुमच्याच फाइलमध्ये आहे की!"

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. "इतकी पानं कोण उलटतं, म्हणून... ताई, माझं चुकलं. शाबास रे पोरांनो! तुम्ही नसता तर माझ्या हातून पाप घडलं असतं."

"मुंगीचे बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत," आई पुटपुटली. "मालकांचं गुपित म्हटल्यावर कसले सांगतात!"

मुंगीने फळी उलटी केली. मागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने मापं लिहिली होती आणि खाली एक ओळ होती: 'मालक हो म्हणाले. सुट्टी लागली की मुंगीला आणून दाखवायचं.'

सुट्टी लागली होती. मुंगीला हुंदका आवरेना. आईने तिला पोटाशी धरलं.

"राहू दे फळी, बाळ," व्यवस्थापक हळूच म्हणाले. "कामगार बसवतील."

"नको, मीच बसवते."

तिने एकेक स्क्रू पिळला. चौथ्याची खाच जरा तिरकी राहिली. मुंगीने नाक ओढलं, पेचकस पुन्हा लावला, खाच उभी केली आणि मगच हात पुसले.