लिओटामावशींच्या स्वयंपाकघराचं छप्पर

टॅनर्स कोव्हमधली घरं तेव्हा सगळी लाकडाची. भिंतींना आडव्या फळ्या, वर लाकडी कौलं, आणि समोर समुद्र. मी आणि माझा मेहुणा क्लाइड मिळून छपरांची कामं करायचो. क्लाइड जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी सप्टेंबरात वारा जमिनीकडून सुटला आणि कुठं नुकत्याच कापलेल्या लाकडाचा वास आला, की त्याची शीळ ऐकू आल्यासारखी वाटते. शिडीवर चढताना तो नेहमी शीळ घालायचा.

लिओटा कॉर्कम यांना सगळं गाव मावशी म्हणे. त्यांचे यजमान एल्सवर्थ मासेमारीच्या गलबतावर गेले ते परत आले नाहीत. गलबतही आलं नाही. मुलगी व्हर्ना हॅलिफॅक्सला, शहरात असायची. तिनंच आम्हाला निरोप धाडला होता, की आईच्या स्वयंपाकघरात गळतंय, थंडीच्या आत बघा.

ते स्वयंपाकघर मूळ दुमजली घराला मागून जोडलेलं होतं. त्याचं उतरतं छप्पर घराच्या भिंतीला जिथं टेकतं, तिथं गळती व्हायचीच. आम्ही गेलो तेव्हा मावशींनी चहा केला, काकवी घातलेला गरम पाव कापला. टेबलाच्या एका कडेला छतातून थेंब पडत होते. बाहेर कडक ऊन होतं आणि कितीतरी दिवसांत पाऊस नव्हता.

क्लाइडनं थेंबाला बोट लावून जिभेवर ठेवलं.

"हॅरिस, खारट आहे हे."

मी म्हणालो, लाटांचे तुषार उडतात, मीठ लाकडात मुरतं. टेबलावरचं पाणी मावशींनी पुसलं नाही.

आम्ही भिंतीच्या खालच्या फळ्या काढल्या. आतलं लाकूड इतकं कोरडं होतं, की हात लावल्यावर भुसा उडाला. पाण्याचा एक ओघळ दिसेना. छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यावरचा जुना पत्रा मात्र गंजून गेला होता. आम्ही तांब्याचे तुकडे काटकोनात वाकवले. प्रत्येकाची एक बाजू कौलावर, दुसरी भिंतीवर फळीच्या आत, आणि वरचा तुकडा खालच्यावर चढवलेला. असं खालून वर करत गेलो. फळ्या पुन्हा ठोकल्या. क्लाइडनं वरून बादल्या ओतल्या, आत थेंब आला नाही. असं काम हातून झालं की दिवसभर बरं वाटतं. मावशी मात्र अंगणात उभ्या राहून नुसत्या भिंतीकडे बघत होत्या.

काही दिवसांनी त्या आमच्या घरी चालत आल्या. एरवी त्या चर्चशिवाय कुठं जात नसत.

"त्या तांब्याच्या तुकड्यांतला एक काढून टाक, हॅरिस."

"पाणी येईल, मावशी."

"येऊ दे." मग म्हणाल्या, "दुपारी भिंतीतून आवाज येतो. कुणी हातानं चाचपतंय असा. खालून वर जातो, परत खाली येतो. त्याला वाट सापडत नाही."

मी उंदरांचं नाव घेतलं.

"उंदीर दमून बसत नाहीत रे," त्या म्हणाल्या.

मला त्यांची दया आली. व्हर्नाला काय सांगायचं हा प्रश्न होताच, पण घर मावशींचं होतं. दुपारी क्लाइडला घेऊन गेलो. आधी वरच्या खोलीत जाऊन मी भिंतीला कान लावला. फळ्या आणि गिलावा यांच्यामधली पोकळी जेमतेम तळहाताएवढी. त्या पोकळीत काहीतरी ओलं सरकत होतं. प्रत्येक तुकडा कुठं बसवलाय ते मला पाठ होतं, आणि ते प्रत्येक तुकड्यापाशी थांबत होतं.

खाली आलो तर क्लाइड शिडी धरून उभा होता. तो शीळ घालत नव्हता.

"काढ तो तुकडा," तो हळूच म्हणाला. "मी काही वर येत नाही."

मी मधला एक तुकडा काढला. शिडी उतरून आत येईपर्यंत टेबलावर थेंब पडायला लागले होते. मावशींनी तो तुकडा मागून घेतला, खिडकीत ठेवला आणि टेबलाशी खुर्ची ओढली. इतक्या समाधानानं बसलेल्या त्या मला पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या. आम्हाला त्यांनी उरलेला पाव बांधून दिला.

डिसेंबरात व्हर्ना आली. दारं आतून बंद होती, ती फोडावी लागली. चुलीवर किटली गरम होती. मावशी घरात नव्हत्या. गावानं किनारा पालथा घातला. बर्फात घरापासून दूर जाणारं एकही पाऊल नव्हतं.

टेबल कोरडं होतं. खिडकीतला तुकडा नव्हता.

मी शिडी लावून वर चढलो.

फट बंद होती.

तुकडा जागच्या जागी बसला होता, मी बसवला होता त्याहून नेटका.

मी खिळ्यांची डोकी शोधली. ती बाहेर नव्हती. आतल्या बाजूनं तांब्यातून आणि फळीतून खिळ्यांची टोकं माझ्याकडे आली होती.