टिल्नीची रीत

आखातात, फिंतासला आमच्याच इमारतीत शरदकाका राहायचे. फहाहीलच्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. शामलाकाकू अजून नर्सची नोकरी करत होत्या, म्हणून दोघं इथेच थांबलेली. मराठी मंडळात काकांना अँब्रोझ टिल्नीवर बोलायचं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या एका साप्ताहिकात हा अर्कचित्रं काढायचा.

शुक्रवारी जेवणानंतर काका मला भाषण वाचून दाखवत. मी फिजिओथेरपिस्ट. चित्रकलेतलं फारसं कळत नाही, पण टिल्नीने काढलेले खांदे, माना, पोक आलेल्या पाठी बघायला मजा यायची. तरुणपणी तो तैलचित्रं काढायचा, पण माणूस समोर बसला की त्याचा हातच चालेना. मग साप्ताहिकाने त्याला ठेवून घेतलं. तो पार्लमेंटच्या दाराशी खिशात हात घालून उभा राहायचा, एकाच माणसाकडे बघत राहायचा आणि घरी जाऊन नुसत्या आठवणीवरून त्याला कागदावर उतरवायचा. न्यायाधीश, मंत्री, जॉकी, कोणी सुटलं नाही. सगळं लंडन हसलं.

"आणि शेवटी?"

"शेवटी त्याला बघितलं की लोक तोंडासमोर छत्री धरायचे. क्लबांनी दारं बंद केली. भाड्याच्या खोलीत एकटाच गेला."

"का पण?"

काका कागद चाळत राहिले. "चित्रं नंतर खरी होतात, असं म्हणायचे."

भाषणासाठी म्हणून काकांनी टिल्नीची रीत स्वतः करून बघितली. कपाट दुरुस्त करायला आलेल्या पुंडलिककडे ते त्याचा चहा संपेपर्यंत नुसते बघत बसले. संध्याकाळी चित्र तयार. मान पार डाव्या खांद्यावर कलंडलेली. आम्हाला हसू आलं, कारण पुंडलिकची मान चांगली ताठ होती.

काही दिवसांनी तो माझ्या क्लिनिकमध्ये आला. मान डाव्या खांद्यावर. एक्स-रेमध्ये काहीच नाही.

"दुखत नाय ओ मॅडम," तो म्हणाला. "पण सरळ केली की वाकडी केल्यासारखी वाटता."

काकांच्या सरावलेल्या डोळ्याला दुखणं आधीच दिसलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग शामलाकाकू लिफ्टपाशी भेटल्या. तोंडाला मास्क.

"ड्यूटीवरून आलात?"

"नाही गं. हल्ली घरातही लावते." त्यांनी आवाज खाली आणला. "अबोली, तू वर येऊ नकोस."

मला रागच आला. मी तडक वर गेले. काका खिडकीशी, हात खिशात. टेबलावर एक कागद पालथा घातलेला.

"काका, माझं चित्र काढलंत?"

"नाही गं."

मी कागदाकडे हात नेला. त्यांनी खिशातून हात काढून तो अलगद दाबून धरला. अंगठ्याला शाई होती.

"ओला आहे," ते म्हणाले.

सकाळी क्लिनिकमध्ये हजेरीच्या मशीनने माझा चेहरा नाकारला.

पुन्हा नाकारला.

रिसेप्शनवरची तबस्सुम हसली. "मॅडम, सीधा देखिए ना."

मी सरळच बघत होते.